चक्क्याचा केक तळाशी चिकट राहतो, त्याबद्दल

दसरा असो की गुढीपाडवा, आमच्याकडे श्रीखंड घरीच होतं. बडोद्यात तयार श्रीखंड आणि मठो (श्रीखंडाचाच गुजराती प्रकार) हवा तिथे मिळतो, पण सासूबाईंना विकतचं वाढलं तर त्या काही बोलत नाहीत, वाटी फक्त दोन बोटं पुढे सरकवतात. म्हणून चक्का टांगायचा. तो अंदाजाने टांगला जात असल्यामुळे जास्तच होतो, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये वाटीभर चक्का नि पातेलंभर हिरवट पिवळं पाणी उरतं. चक्क्याचा मी बिनअंड्याचा केक करते, आणि हा केक दर वेळी एकाच जागी दगा द्यायचा. वरून रंग फिका, मध्ये बरा, आणि तळाशी चिकट.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हाचं नीट आठवतंय. सुरी वरून सहज गेली, तळाशी आल्यावर अडकली. बाहेर काढली तर पात्याला करंगळीएवढा जाड, चकचकीत थर चिकटलेला. सासूबाईंनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, केक केलास की खरवस?"

तुमचाही असा खरवस होत असेल तर आधी काय तपासू नये ते सांगते, कारण माझे दोन महिने त्यातच गेले. मी ओटीजीला दोष दिला, जाळी एक घर खाली घेतली, मैदा बदलला, डबा बदलला, दहा मिनिटं जास्त भाजला. जास्त भाजल्यावर कडा करकरीत झाल्या आणि तळ होता तसाच. शेवटी त्याच ओटीजीत, त्याच डब्यात, त्याच मैद्याचा केक साध्या दह्याने केला आणि तो कापसासारखा झाला. म्हणजे ओटीजी निर्दोष. भानगड दही आणि चक्का यांच्यामधल्या फरकात होती, आणि तो फरक मी कधी मोजलाच नव्हता.

मग मोजला. एक किलो दही, सहा टक्के स्निग्धांशाच्या दुधाचं. (अमूलचं गोल्ड सहा टक्क्यांचं असतं, ताजा तीन टक्क्यांचं.) ते मलमलीत बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवलं, खाली पातेलं. पहिला अर्धा तास टपटप चालू राहते, मग एकेक थेंब, आणि रात्री पाणी प्यायला उठलं की फ्रिजच्या घुरघुरीतून एखादाच ऐकू येतो. सकाळी चक्का भरला 450 ग्रॅम, पाणी 530. उरलेलं फडक्याने प्यायलं. तीन टक्क्यांच्या दुधाचं दही तेवढाच वेळ ठेवलं तर चक्का 360 च्या आसपास आला. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, म्हशीच्या सुट्या दुधाचे तर नक्कीच, पण ते कुठेतरी लिहून ठेवा. माझे फ्रिजच्या दारावर पेन्सिलीने लिहिलेत.

हे आकडे समोर आले आणि केकचा उलगडा झाला. पाककृतीत एक कप दही, म्हणजे साधारण 240 ग्रॅम. मी घालत होते एक कप चक्का, तोही 240 ग्रॅमच. पण तेवढा चक्का म्हणजे अर्धा किलोहून जास्त दह्याचा ऐवज. त्यात पीठ घट्ट झालं की मी चक्क्याचंच पाणी थोडं थोडं ओतत जायचे, सरसरीत होईपर्यंत. ते व्हायचं पाऊण कप. एक कप दह्याच्या केकमध्ये मी जवळपास पावणेदोन कप माल कोंबत होते आणि वर ओटीजीला शिव्या देत होते.

डोळ्यांनी हे का कळत नाही, तर चक्का पाणी आपल्या पोटात धरून बसतो. पीठ घट्ट दिसतं, पण त्यात पाणी पुरेसं असतं. आच लागली की दह्यातली प्रथिनं आवळून येतात आणि धरलेलं पाणी सोडतात. चक्क्याच्या गुठळ्या राहिल्या असतील तर त्या जड असल्याने खाली बसतात आणि तिथेच पाणी सोडतात. खरवसाचा थर हा असा तयार होतो.

उपाय अगदीच साधा निघाला: जेवढं पाणी निथळून काढलं तेवढंच परत घालायचं. 240 ग्रॅम दह्याऐवजी 110 ग्रॅम चक्का आणि 130 ग्रॅम त्याचं पाणी. दोन्ही थंडगार घेऊ नका, तासभर आधी बाहेर काढा, आणि मैद्याशी गाठ पडण्याआधीच रवीने घुसळून एकजीव करा. बोटाला एकही कण लागता कामा नये. दही पुन्हा दही झालं की पुढचा केक नेहमीसारखा: 150 ग्रॅम साखर त्यात विरघळवायची, अर्धा कप तेल, 190 ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा. मैदा घातल्यावर फार फेटायचं नाही, नाहीतर केक वातड होतो. ओटीजी 180 अंशांवर आधीच तापलेली हवी. सोडा आणि आंबट भेटले की तिथल्या तिथे फसफसायला लागतात. पीठ डब्यात ओतून मग "अरे, ओटीजी लावायची राहिली" म्हटलं की अर्धा फुगारा ओट्यावरच संपला. सात इंची डब्यात 35 ते 40 मिनिटं लागतात, आणि पहिली 25 मिनिटं दार उघडून डोकावायचं नाही.

विकतच्या डब्यातलं ग्रीक योगर्ट वापरत असाल तर आधी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. ग्रीक योगर्ट म्हणजे मुळात गाळलेलं दहीच. ग्रीसमध्ये त्याला स्ट्राग्गिस्तो म्हणतात, त्याचा अर्थही गाळलेलं. आपल्या चक्क्याचा लांबचा चुलतभाऊ. पण काही डब्यांत गाळण्याऐवजी दूध पावडर, स्टार्च किंवा पेक्टिन घालून घट्टपणा आणलेला असतो. असं योगर्ट खायला वाईट नसतं, पण पाण्याचा हिशोब त्याला लागू पडत नाही आणि स्टार्चवालं भाजताना वेगळंच वागतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे 100 ग्रॅममागे प्रथिनं किती. साध्या दह्यात तीन ते चार ग्रॅम असतात. डब्यावर आठ किंवा जास्त असतील आणि घटकांत फक्त दूध आणि विरजण असेल तर ते दह्याच्या निम्म्यावर आटवलेलं आहे असं धरा: अर्धं योगर्ट, अर्धं पाणी. तिथे साधं पाणी किंवा दूध चालेल, मात्र आंबटपणा कमी पडतो, म्हणून सोडा थोडा कमी करा. आणि आंब्याचं नाहीतर स्ट्रॉबेरीचं आणलं असेल तर त्यात साखर आधीच आहे, हे केकमध्ये साखर घालण्यापूर्वी आठवायचं असतं, नंतर नाही. (हे माझ्या जावेबाईंसाठी.)

सोड्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण पाण्याचा हिशोब जुळल्यावरही एकदा केक बिघडला. वर फिका राहिला, पोत दाट, खाताना जिभेच्या कडेला आंबट. पाणी पाच दिवसांचं होतं. फ्रिजमध्येसुद्धा दही हळूहळू आंबत असतं, आणि चक्का बाहेर टांगला असेल तर विचारूच नका. बडोद्याच्या एप्रिलमध्ये नळाला टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबट ढाण होतं. साधारण एक कप बेताच्या आंबट दह्याला अर्धा चमचा सोडा पुरतो. त्याहून आंबट असेल तर आंबट शिल्लक राहतं, आणि आंबट पिठाला भाजताना रंगही नीट चढत नाही. उलट सोडा जास्त झाला तर केक वरून चटकन काळपट तांबूस होतो आणि जिभेला साबणासारखा लागतो. म्हणजे फिका आणि आंबट आला तर पुढच्या वेळी ताजं पाणी घ्या. काळपट आणि साबणासारखा आला तर सोडा कमी करा. आंबट पाण्याला जास्त सोडा घालून सावरायच्या फंदात मी पडत नाही. तो मेळ दहात एकदा जमतो.

खमणवाल्यांना ही परीक्षा फुकट मिळते. खमणाच्या पिठात हळद असते, आणि हळदीला सोड्याचा जोर लागला की ती लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात तोच प्रकार. खमणात लाल ठिपके आले तर तिथे सोडा नीट मिसळला गेला नाही. अख्खं खमणच तांबूस झालं तर सोडा जास्त झाला किंवा पाणी पुरेसं आंबट नव्हतं. आमच्या शेजारच्या बेन इनो घालतात आणि पीठही चक्क्याच्या पाण्यात भिजवतात, मग ढोकळा आंबट झाला म्हणून कुरकुरतात. इनोमध्ये सोड्याबरोबर आंबट आधीच घातलेलं असतं. त्याला वेगळं आंबट पाणी कशाला? इनो असेल तर साधं पाणी घ्यावं, सोडा असेल तर चक्क्याचं.

आता रस्सा. दह्याचा रस्सा फुटतो ही तक्रार जुनीच, पण चक्का घातला की तो जास्त वाईट फुटतो, कारण गोळे होतात. गरम तेलातल्या मसाल्यात फ्रिजमधला चक्का टाकला की डोळ्यांदेखत त्याचा रवा होतो. कारण केकमधलंच, आच लागून प्रथिनं आवळतात. बेसन किंवा कॉर्नफ्लोअर त्यांच्या मध्ये येऊन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून तर कढीला बेसन लागतं. कपभर चक्क्याला एक मोठा चमचा बेसन, दोन्ही चक्क्याच्या पाण्यात किंवा साध्या पाण्यात घुसळून पातळ करा, गॅस बारीक करा, मसाल्यातला चमचाभर गरम रस आधी चक्क्यात घालून ढवळा आणि मग तो मसाल्यात ओता. उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही. एकाच दिशेने ढवळायचं असं आमच्याकडे सांगतात. मी दोन्ही दिशांनी ढवळून पाहिलंय, काही फरक पडत नाही. मीठ मात्र शेवटी. साईचं दही कमी फुटतं, साय काढलेल्या दुधाचं लगेच फुटतं. तेव्हा वजन कमी करायला आणलेलं बिनसाईचं योगर्ट शाही पनीरमध्ये घालू नका. फुटलाच तर मिक्सरमधून काढून, चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून पुन्हा बारीक आचेवर ठेवा. पूर्वीसारखा होत नाही, पण पाहुण्यांपुढे जातो.

राहिलं ते पाणी. या पाण्यावरून आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी श्रीखंडावरून झाली नसेल.

पहिली गोष्ट, त्यातून पनीर काढायला बसू नका. दूध फाडून पनीर केल्यावर पाणी पुन्हा उकळून आणखी काही मिळेल असं वाटतं, तसंच मीही हे पाणी अर्धा तास उकळत बसले होते. हाती आला तो चमचाभर फेस. दही लावण्याआधी आपण दूध चांगलं उकळतो, त्यातच पाण्यात जाणारी प्रथिनं मुख्य प्रथिनांना चिकटून दह्यात बसतात. निथळून येतं ते पाणी, दुधातली उरलेली साखर, आंबट आणि क्षार. म्हणूनच माझा जिमवाला भाचा "मामी, हे व्हे आहे, प्रोटीन आहे" म्हणून ग्लासभर पिऊन दंड बघतो तेव्हा मला हसू येतं. त्याच्या डब्यातली पावडर चीजच्या पाण्यातून प्रथिनं वेगळी काढून केलेली असते. आपल्या पातेल्यातल्या पाण्यात ती एक टक्काही नसतात. कॅल्शियम मात्र बरंच असतं, आणि तो हिरवट रंग बी-2 जीवनसत्त्वाचा. तेव्हा पितोय तर पिऊ दे, जिरंमीठ घालून चांगलं लागतं.

दुसरी गोष्ट, त्यात डाळ शिजवू नका. एकदा मी राजमा या पाण्यात शिजवायला घातला, म्हटलं चव येईल. आठ शिट्ट्या झाल्या, कुकर उघडला तर दाणे खेळायच्या गोट्यांसारखे. वर आणखी सहा शिट्ट्या दिल्या. सालं सुटली, दाणा तसाच. आंबटात कडधान्याची साल आणि गर मऊ पडत नाही. चिंच, आमसूल आपण डाळ शिजल्यावर घालतो ते याचसाठी. तूरडाळ, चवळी, बटाटा, सगळं आधी साध्या पाण्यात शिजवा आणि आंबट पाणी नंतर घाला. तुम्ही एव्हाना कुकर लावूनच बसला असाल तर तेच पाणी काढून टाका आणि साध्या पाण्यात चिमूटभर सोडा घालून पुन्हा लावा. माझा राजमा त्या मार्गाने वाचला होता, अर्धा तरी.

कढी मात्र या पाण्याची अप्रतिम होते, आणि ती फुटत नाही. फुटायला त्यात काही उरलेलंच नसतं. चार कप पाण्याला तीन मोठे चमचे बेसन गाठी मोडून कालवायचं, आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता, आणि पाणी फार आंबट असेल तर निम्मं साधं पाणी. गूळ घालायचा की नाही हा आमच्या घरातला जुना वाद आहे. सासूबाई बडोद्यात जन्मल्या, त्यांना गुळाशिवाय कढी कढी वाटत नाही. माझं माहेर साताऱ्याचं. आम्ही दोन पातेल्यांत करतो. पातेली स्टीलची बरं का. आंबट पदार्थ कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवला की कळकतो, आणि कळकलेलं पोटात जाऊ नये. ॲल्युमिनियमही नको. माझ्या सासूबाईंचं कल्हईचं जुनं पातेलं फार गोड आहे, पण कल्हईवाला आता गल्लीत येत नाही.

कणीक या पाण्यात भिजवली तर फुलक्यांवर डाग लवकर पडतात, कारण पाण्यात दुधाची साखर असते. आच जरा कमी ठेवा. पोळ्या मऊ राहतात, पण निम्मंच पाणी हे घ्या, सगळं घेतलं तर दुसऱ्या दिवशी डब्यात पोळी आंबूस लागते. पावाच्या पिठाला तर हे फारच मानवतं. दुधाची साखर यीस्ट खाऊ शकत नाही, त्यामुळे ती तशीच राहते आणि पावाच्या वरच्या सालीला सुरेख रंग देते. पाव वरून भाजलेला दिसला पण आतून कच्चा निघाला, तर हेच कारण. दहा मिनिटं उरली असताना वर फॉइल टाका आणि वेळ पूर्ण होऊ द्या.

तुळशीला हे पाणी घालू नका. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी घातलं, आठवड्याने माती वास मारायला लागली आणि माश्या आल्या.

साठवणीचं: फ्रिजमध्ये झाकण लावून चार-पाच दिवस, त्यातही केकसाठी पहिले दोन, कढीसाठी पुढचे. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा. आमच्या साच्यातला एक खडा साधारण 25 मिली, म्हणजे एका केकला पाच खडे, आदल्या रात्री वाटीत काढून ठेवायचे. बाटलीत गोठवणार असाल तर गळ्यापर्यंत भरू नका. मी भरली होती. दसऱ्याचं पाणी दिवाळीला काचांसकट काढलं.